लिथियम, थायरॉईड आणि एकादशी: माळकऱ्यानं गोळ्या कशा सांभाळाव्यात

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या मी धरतो. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन 75, रात्री जेवणानंतर लिथियम 400 च्या दोन आणि झोपताना क्वेटियापिन 50, अशा माझ्या गोळ्या आहेत. मी बार्शीचा, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. डॉक्टर नाही, पण बायपोलरच्या, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी उदासीत जाण्याच्या आजाराच्या, गोळ्या तरुणपणापासून खातोय. दिंडीत दरवर्षी कुणीतरी मला हळूच बाजूला घेऊन विचारतं, "काका, उपासाला डोक्याची गोळी घ्यायची का?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोस ज्याचा त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचा, त्यात मी बोट घालत नाही. मी सांगणार ते वेळ, मीठ, पाणी आणि झोप यांच्याबद्दल.

आधी उपासाचं मिटवून टाकू. गोळीनं उपास मोडत नाही. 'औषधं जाह्नवीतोयं वैद्यो नारायणो हरिः' हे वचन आपल्याच परंपरेतलं आहे. औषध हे गंगेचं पाणी मानलं, तर ते एकादशीला कसं निषिद्ध होईल? तरीही कुणाच्या मनात किंतु राहिला तर आपल्या फडाच्या महाराजांना विचारावं. "एकादशीला गोळी बंद" असं सांगणारा महाराज मला अजून भेटलेला नाही. असं सांगणारे शेजारी मात्र पुष्कळ भेटलेत.

थायरॉक्सिन सांभाळायला सगळ्यात सोपी. काकड्याला उठलो की तोंड धुवायचं, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि पुढं अर्धा ते एक तास चहा नाही, दूध नाही, काहीच नाही. चहा-कॉफी आणि दुधानं ही गोळी पोटात नीट शोषली जात नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि थायरॉक्सिनमध्ये चार तासांचं अंतर ठेवा. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेणाऱ्यांनी आणि ॲसिडिटीचं औषध पिणाऱ्यांनीही अंतर ठेवावं. आमच्या भागात सोयाबीन उदंड, त्यामुळं गव्हात सोयाबीन घालून दळण्याची पद्धत घरोघर आली आहे. सोयाही ही गोळी अडवतो. म्हणून ते दळण सकाळच्या पहिल्या घासाला नको, आणि आठ दिवस भरपूर, आठ दिवस बंद असंही नको. कोबी-फ्लॉवरला लोक उगाच घाबरतात. शिजवून, घरात नेहमी करतो तेवढ्या प्रमाणात खायला काही हरकत नाही.

पहाटे जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून ही गोळी रात्री घेता येते, पण शेवटच्या घासानंतर किमान तीन तासांनी. आमच्या गल्लीतल्या जैन वहिनी सूर्यास्तापूर्वी जेवतात, त्यांना ते छान जमलं असतं. पण त्यांचं रात्रीचं पाणीही बंद असतं, म्हणून त्याही सूर्योदयानंतरच्या सकाळवरच आल्या. रात्री जायफळ घातलेलं दूध पिऊन झोपणाऱ्यांनी तर रात्रीची वेळ धरूच नये.

माळकऱ्यांसाठी आणखी एक बाब. बहुतेक कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं. व्हिटॅमिन डीच्या 60,000 च्या मऊ कॅप्सूल बहुधा तशाच असतात. त्या फेकून देऊ नका आणि गुपचूप सोडूही नका. दुकानदाराला पावडरीची पुडी किंवा गोळी आहे का विचारा आणि डॉक्टरांना "मी माळकरी आहे" असं सांगून टाका. एकदा सांगितलं की काम झालं.

आता लिथियम. बाकीच्या गोळ्या चुकल्या तर थोडं चालून जातं, हिचं तसं नाही. ही मुळात एक क्षार आहे आणि मूत्रपिंड तिला मिठाच्या सोडियमसारखंच वागवतं. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवायला लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच घेतलेली असते, पण रक्तातलं प्रमाण वर जातं. हवं ते प्रमाण साधारण 0.6 ते 0.8 (मिलीमोल प्रति लिटर रक्तात), काहींना 1.0 पर्यंत. 1.5 च्या वर विषबाधा सुरू होते, आणि वय झालेल्यांना त्याच्या खालीही त्रास होऊ शकतो. औषध आणि विष यांच्यात एवढंच अंतर आहे. उलट एकदम मीठ वाढवलं तर लिथियम लघवीवाटे निघून जातं आणि आजार डोकं वर काढतो. म्हणून मीठ कमी नको, जास्तही नको, रोज सारखं हवं.

याचा उपासाशी थेट संबंध आहे. रविवारचा अळणी उपास लिथियमवाल्यानं करू नये. निर्जळी एकादशी तर नाहीच नाही, आणि ज्या माऊल्यांना ही गोळी चालू आहे त्यांनी हरितालिकेचा निर्जळी उपासही धरू नये. फराळाची एकादशी मात्र खुशाल करा. साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, बटाट्याची भाजी हे सगळं चालतं, फक्त त्यात मीठ नेहमीइतकं पडलं पाहिजे. उपासाला सैंधव लागतं ना? चालेल, सैंधवातही सोडियमच असतं. चालत नाही ते बाजारात मिळणारं 'लो सोडियम' मीठ. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं. घरात कुणाला बीपी आहे म्हणून सगळ्या घराचं मीठ बदलायचं ठरलं, तर आधी लिथियम देणाऱ्या डॉक्टरांशी बोला. आमच्याकडं हिला बीपी आहे. तिची भाजी ती आधी वेगळी काढते, मग माझ्या वाटणीला नेहमीचं मीठ पडतं.

एक वेळचा उपास करणाऱ्यांनी लिथियम त्या एका जेवणानंतर घ्यावं का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं. रिकाम्या पोटी घेतलं तर मळमळतं, म्हणून मी एकादशीला रात्री वाटीभर भगर खाऊनच घेतो. सावकाश विरघळणारी एसआर गोळी चावायची, कुटायची नाही. गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही.

चहाचंही सांगतो. चहा-कॉफीनं लिथियम थोडं बाहेर पडतं. त्यामुळं रोज पाच कप पिणाऱ्यानं चातुर्मासाचा नेम म्हणून एका दिवसात चहा सोडला तर रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. सोडायचाच असेल तर हळूहळू आणि डॉक्टरांच्या कानावर घालून सोडा. कांदा-लसूण, वांगं हे आषाढीपासून सोडलं तर गोळ्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही.

वारीत हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. माऊलींची पालखी आळंदीहून निघून पुण्यात मुक्काम करते आणि पुणे ते सासवड ही लांबलचक वाटचाल, त्यात दिवे घाट, बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येते. म्हणजे सगळ्यात जास्त घाम आणि सगळ्यात कमी जेवण एकाच दिवशी. त्या दिवशी माझं ठरलेलं असतं. फराळ मीठ घातलेलाच घ्यायचा, तोही भूक असो वा नसो थोडा थोडा, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. घाम खूप आला की नुसत्या पाण्यानं भागत नाही, म्हणून मीठ-साखरेचं लिंबूपाणी किंवा ओआरएसची पुडी ठेवतो. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत ओतायची नाही. पाऊस नसेल आणि घाट तापला असेल तर मी ट्रकमध्ये बसतो. माऊली काही रागवत नाहीत. मे महिन्यात बार्शी-सोलापूरच्या उन्हात शेतात राबणाऱ्यालाही हाच हिशोब लागू आहे.

वाटेत जागोजागी मोफत औषधांची शिबिरं असतात. फार मोठी सेवा आहे ती, पण गुडघे दुखतात म्हटलं की हातावर वेदनाशामक गोळी पडते. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लामसारख्या मिश्र गोळ्या लिथियम वाढवतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल मागा आणि इंजेक्शन टोचण्याआधी "लिथियम चालू आहे" हे मोठ्यानं सांगा. बीपीच्या काही गोळ्याही असंच करतात. नावात शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या आणि लघवी वाढवणाऱ्या पाण्याच्या गोळ्या त्यात येतात. माझ्या बंडीच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी असते. तीवर तिन्ही गोळ्यांची नावं, डोस, डॉक्टरांचा आणि घरचा फोन, आणि खाली लाल अक्षरात 'लिथियम चालू. डायक्लो, ब्रुफेन देऊ नये.' चिठ्ठीची दुसरी प्रत विणेकऱ्याकडं.

जुलाब-उलट्या लागल्या तर तो साधा पोटाचा त्रास समजू नका. पाणी आणि मीठ दोन्ही जातं, लिथियम चढतं, आणि चढलेल्या लिथियमचं पहिलं लक्षणही उलटी-जुलाबच. लिथियमवाल्याचे हात थोडे थरथरतातच, माझेही थरथरतात. पण थरथर एवढी वाढली की टाळ धरवत नाही, चाल झोकांडी खायला लागली, जीभ जड झाली, गुंगी आली, तर पुढची लिथियमची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथं रक्तातलं लिथियम तपासायला सांगायचं. 'उद्या बघू' म्हणायचं नाही.

गोळ्यांच्या साठ्याचं थोडक्यात: सामान ट्रकमध्ये तापतं आणि पावसात भिजतं, म्हणून गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवायच्या. थायरॉक्सिनला दमट हवा आणि ऊन सोसत नाही, तिची बाटली घट्ट बंद असावी. सगळा साठा एकाच पिशवीत नको. वारीत पहाटे तीनला उठतात, ते थायरॉक्सिनला उलट सोयीचंच. गोळी घेऊन टँकरवर आंघोळ उरकेपर्यंत तास होतो आणि मग चहा.

आता झोप, आणि इथं मला माळकऱ्यांशीच थोडं भांडायचं आहे. एकादशीचा हरिजागर बायपोलरवाल्यानं करू नये. एका रात्रीचं जागरण या आजारात माणसाला उन्मादाकडं ढकलू शकतं. भजनात रंगून रात्र काढली, सकाळी थकवा नाही, उलट अंगात दहा हत्तींचं बळ आलंय आणि विचार धावताहेत, तर ती विठ्ठलाची कृपा समजू नका, डॉक्टरांना फोन करा. मी कीर्तनाला बसतो, दहाला उठतो, गोळी घेतो आणि पाठ टेकतो. सुरुवातीला लोक बोलले. आता आमच्या दिंडीतले विणेकरीच दहा वाजता माझ्याकडं बघून मान हलवतात.

क्वेटियापिननं उठल्यावर चक्कर येते, उपासाच्या आणि घामाच्या दिवशी जास्तच. रात्री तंबूबाहेर जायचं तर आधी उठून बसा, मग उभे राहा, हातात बॅटरी असू द्या. झोपेसाठी कुणी अश्वगंधाचं चूर्ण दिलं तर विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यानं गुंगी वाढते आणि थायरॉईडचं प्रमाणही हलू शकतं. झोपेची गोळी, मग ती क्लोनाझेपाम असो की दुसरी कुठली, वारीत 'देवाच्या भरवशावर' एकदम बंद करायची नाही.

लिथियम आणि थायरॉक्सिन या दोन गोळ्या एकमेकींत कशा गुंतल्यात तेही कळायला हवं. लिथियम थायरॉईडच्या ग्रंथीला मंद करतं, पुष्कळांना थायरॉक्सिन त्यामुळंच लागते, मलाही तशीच लागली. त्यासाठी लिथियम सोडावं लागत नाही. पण थायरॉईड कमी पडलं की सुस्ती, वजन, बद्धकोष्ठ, उदासी येते आणि घरच्यांना वाटतं की जुना आजार परत आला. थायरॉक्सिन जास्त झाली की धडधड, चिडचिड, झोप गायब, आणि ते उन्मादासारखं दिसतं. म्हणून मन हललं की मी डॉक्टरांना पहिलं म्हणतो, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघू. सहा महिन्यांनी टीएसएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि कॅल्शियम तपासणं ठरलेलंच आहे. थायरॉक्सिनचा डोस बदलला तर सहा ते आठ आठवडे थांबून टीएसएच, त्याआधी आकडा खरा कळत नाही.

वारीला निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडं जा आणि सगळं मांडा: किती दिवस चालणार, एकादश्या कधी, काय खाणार, किती वाजता उठणार. 'वारीला जातोय' एवढंच सांगितलं तर डॉक्टर "जा" म्हणतील. दिवे घाट आणि एकादशी एकाच दिवशी आहे हे सांगितलं तर ते कागद पुढं ओढतील. लिथियमची रक्ततपासणी निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर घरचं जेवण, घरची झोप सुरू होऊन आठवडा झाला की एकदा करा. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त द्यायचं, बरोबर बारा तासांनी. ज्यांना सकाळीही लिथियम असतं त्यांनी त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, म्हणून ती पिशवीत बरोबर न्या. आणि लॅबवाल्यानं "उपाशी आलात ना?" विचारलं तर सांगा, लिथियमच्या तपासणीला उपास लागत नाही.