जुन्या डिझेल गाडीचा चिकटून बसलेला फिल्टर कसा काढावा

जुन्या बोलेरोसारख्या गाडीत डिझेल फिल्टर म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडखाली (गाडीला बोल्टने बसवलेल्या, डिझेलचे पाइप जोडलेल्या भागाखाली) आट्यांवर फिरवून बसवलेला पत्र्याचा डबा असतो. तो हाताने बसवायचा असतो आणि खरे तर हातानेच निघायला हवा. प्रत्यक्षात मात्र आधी कोणीतरी तो पाना लावून आवळलेला असतो, वरचे रबरी सील कोरडेच बसवलेले असते, आणि काही वर्षांच्या उष्णतेने ते रबर कडक होऊन हेडच्या पृष्ठभागाला घट्ट धरून बसते. गाडी कोकणपट्टीत फिरलेली असेल, तर खाऱ्या दमट हवेने डब्याच्या वरच्या कडेला चढलेला गंज त्यात भर घालतो. अशा वेळी सगळे लक्ष डब्याकडे जाते. डबा तसाही फेकायचाच आहे, तो चेपला किंवा फाटला तरी काही बिघडत नाही. हेडला तडा गेला किंवा त्याच्या आतले आटे गेले, तर मात्र काम एकदम महागात पडते. पुढची प्रत्येक पायरी हेड जपण्याच्या हिशेबानेच ठरवावी.

नवा फिल्टर हातात आल्याशिवाय जुन्याला हात लावू नये. नव्या फिल्टरचे सील खोक्यात आहे का, सीलचा व्यास आणि मधल्या भोकाचे आटे जुन्याशी जुळतात का, खाली पाण्याच्या सेन्सरसाठी किंवा निचऱ्याच्या स्क्रूसाठी जागा आहे का, हे आधीच पाहावे. इंजिन थंड होऊ द्यावे. डिझेल सहजासहजी पेटत नाही असा समज आहे, पण त्याची वाफ ठिणगीने पेटू शकेल असे किमान तापमान भारतीय मानकात ३५ अंश सेल्सिअस धरलेले आहे, आणि नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी, जवळपास विडी-सिगारेट नसावी, आणि फिल्टरच्या खालच्या बाजूला अल्टरनेटर, स्टार्टर किंवा रबरी होज येत असतील तर ते प्लास्टिकने झाकावेत, कारण डिझेल मुरलेले रबर फुगते आणि मऊ पडते.

हेड आणि डब्याची वरची कड ब्रशने व थोड्या डिझेलने स्वच्छ धुवून पुसून घ्यावी. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. डबा सुटताच कडेवरची माती नेमकी हेडच्या तोंडाशी पडते, आणि तिथून पुढे असलेल्या, इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाच्या भागांमधली फट काही मायक्रॉनचीच असते. पंपाला वंगण डिझेलचेच मिळत असल्यामुळे त्यात गेलेली वाळू किंवा पाणी थेट धातूला खाते.

टाकीचे झाकण उघडून आतला दाब मोकळा करावा, फिल्टरखाली ट्रे ठेवावा, हेडवरचा एअर (डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा) काढायचा स्क्रू थोडा सैल करावा आणि मग खालचा निचऱ्याचा स्क्रू उघडावा. वरून हवा आत गेल्याशिवाय डिझेल नीट उतरत नाही. आलेल्या पहिल्या धारेतले अर्धा कप डिझेल पारदर्शक बाटलीत धरून थोडा वेळ स्थिर ठेवावे. पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ दिसते. त्या पाण्यात तांबूस गाळ असेल तर टाकी आतून गंजत आहे असे समजावे, आणि नुसता फिल्टर बदलून भागणार नाही हेही ध्यानात घ्यावे. सेन्सर असेल तर त्याचा कनेक्टर सोडवून सेन्सर फिरवून काढावा. जुने प्लास्टिक चटकन तुटते, म्हणून इथे पकड वापरू नये.

आता फिरवण्याची दिशा. खालून पाहिले असता डबा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. पण बॉनेटमधून वाकून वरून पाहणाऱ्याला तीच दिशा काट्यांप्रमाणे दिसते, आणि कित्येक ‘न निघणारे’ फिल्टर एवढ्याच गोंधळामुळे आणखी आवळले जातात. डब्यावर मार्करने बाण काढून ठेवणे सर्वांत बरे.

पत्रा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा, कारण डिझेल लागलेल्या पत्र्यावर कोणताही पाना घसरतो. आधी रबरी हातमोजे घालून हाताने प्रयत्न करावा. मग पट्ट्याचा किंवा साखळीचा फिल्टर पाना लावावा आणि तो डब्याच्या अगदी वरच्या कडेजवळ लावावा. तिथे आत जाड तबकडी असते; मधोमध लावलेला पाना पातळ पत्रा चेपतो आणि जोर आट्यांपर्यंत पोहोचतच नाही. एक हात हेडवर ठेवून ते धरून ठेवावे, म्हणजे सगळा ताण ब्रॅकेटच्या बोल्टांवर येत नाही. झटका देण्याऐवजी जोर हळूहळू वाढवत न्यावा. डबा हलत नसेल तर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने ढकलून मग उलट फिरवावा. चिकटलेल्या रबराची पकड पुष्कळदा अशीच मोडते.

गंज सोडवणारा स्प्रे कडेच्या फटीत मारून अर्धा तास थांबायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग बाहेरच्या गंजापुरताच असतो. रबर आतल्या बाजूला असते आणि तिथवर तो सहसा पोहोचत नाही. त्यापेक्षा गरम पाण्यात बुडवून पिळलेले जाड कापड हेड आणि डब्याच्या सांध्याभोवती काही मिनिटे गुंडाळलेले अधिक उपयोगी पडते. कडक झालेले रबर उष्णतेने थोडे मऊ होते आणि ॲल्युमिनियम लोखंडाहून जास्त प्रसरण पावत असल्यामुळे पकड ढिली पडते. ब्लो लॅम्प किंवा कोणतीही उघडी ज्योत इथे अजिबात वापरू नये.

एवढे करूनही डबा जागचा हलला नाही, तर पुष्कळ जण लगेच स्क्रू ड्रायव्हर ठोकून आरपार घालतात. माझ्या मते त्याआधी संपूर्ण हेडच उतरवणे शहाणपणाचे आहे. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांवर खुणा कराव्यात, त्यांची तोंडे स्वच्छ प्लास्टिकने बांधावीत, ब्रॅकेटचे बोल्ट काढावेत आणि हेड लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये बसवावे. बाहेर जागा मिळते, दिशा दिसते, आणि गाडीत अर्धा दिवस हटून बसलेला डबा इथे बहुधा थोड्या जोरात सुटतो. पाइपांना बँजो बोल्ट (ज्यांच्या आतून डिझेल वाहते असे पोकळ बोल्ट) असतील तर परत बसवताना तांब्याचे वॉशर नवे घालावेत.

स्क्रू ड्रायव्हर हा शेवटचा उपाय. एकदा भोक पाडले की ती गाडी जागची हलवता येत नाही, आणि आत उरलेले डिझेल त्याच भोकातून सांडते, म्हणून डबा पूर्ण रिकामा झालेला असावा. भोक वरच्या तबकडीच्या जरा खाली आणि मध्यावरच्या पोकळ नळीला चुकवून पाडावे. खालच्या भागात पाडले तर पत्रा पिळवटून फाटतो. फाटून तबकडी तेवढी हेडवर राहिली, तरी घाबरू नये. तिच्यावर गोलाकार भोके असतात, त्यांच्या कडेला बोथट छिन्नी तिरपी टेकवून सुटण्याच्या दिशेने हातोडीचे हलके ठोके द्यावेत. छिन्नी ॲल्युमिनियमला लागू देऊ नये.

डबा निघाल्यावर जुने सील त्याच्याबरोबर आले आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. जुन्यावर नवे सील बसले तर गळती नक्की. चिकटलेले रबराचे तुकडे प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने खरवडावेत. पॉलिश पेपरने पडलेले ओरखडे हवा आत येण्याची वाट होतात. मधला आटेदार स्टड डब्याबरोबरच निघाला असेल तर तो काढून आधी हेडमध्ये परत बसवावा.

नव्या सीलला स्वच्छ डिझेल किंवा इंजिन ऑइल बोटाने लावावे. फिल्टर आधी भरायचा झाल्यास बाहेरच्या लहान भोकांतूनच भरावा, कारण मधले भोक गाळलेल्या बाजूचे असते आणि तिथून ओतलेले डिझेल न गाळता पंपात जाते. डिझेल हाताने पुढे ढकलायचा गाडीतला हातपंप चालू असेल तर भरण्याच्या भानगडीत न पडता हातपंपानेच भरून घ्यावे. सील हेडला टेकेपर्यंत फिरवून पुढे सुमारे पाऊण फेरा, किंवा डब्यावर छापले असेल तेवढेच, हाताने आवळावे. पाना लावू नये.

आता एअर काढायची. हेडवरचा स्क्रू सैल ठेवून हातपंप मारत राहावा; सुरुवातीला फेस येईल, बुडबुडे थांबून सलग धार आली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळावा. इंजेक्शन पंपावर वेगळा स्क्रू असेल तर तिथेही हेच करावे. बॅटरीची वायर जोडून स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारावा आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. इंजिन तरीही पकडत नसेल तर जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत इंजेक्टरच्या पाइपांचे नट किंचित सैल करून एअर काढतात. कॉमन रेल गाडीत (जिथे एकाच सामाईक नळीतून सगळ्या इंजेक्टरांना फार मोठ्या दाबाने डिझेल मिळते) हे कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि ती धार कातडी भेदून शरीरात शिरते.

इंजिन सुरू झाल्यावर सांधे कोरड्या कापडाने पुसून पुन्हा पाहावेत. ज्या गाडीत टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप फिल्टरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असतो, तिथे सैल सांधा गळत नाही, तो हवा ओढतो. बाहेरून सगळे कोरडे दिसते आणि रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते. म्हणून दुसऱ्या दिवशीचा पहिला स्टार्ट स्वतः मारून पाहावा, आणि गाडीने पुन्हा एअर घेतली असेल तर शंका आधी सीलवर आणि मग नव्या वॉशरांवर घ्यावी.