सर्वांसाठीच्या क्रीडांगणाची ओळख घडवताना

कोल्हापुरात अपंग मुलांनाही खेळता येईल असे क्रीडांगण उभारताना, बोधचिन्ह काढण्यापूर्वी ती मुले आणि त्यांचे पालक यांना प्रत्यक्ष जागेवर बोलवावे. चिन्हात केवळ चाकाची खुर्ची दाखवणे टाळावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद असून त्यांतील कित्येक वरवर दिसतही नाहीत.

तालमीतल्या मातीचा तांबडा रंग इथे कोणालाही आपलासा वाटेल, परंतु तो हिरव्यावर वापरू नये, कारण या दोन रंगांतला भेद न कळणाऱ्या मुलांना त्यावरची अक्षरे नीट दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ प्रमाण राखावे. देवनागरीत खरी अडचण वेलांट्या, रफार आणि अनुस्वार यांची होते, म्हणून ‘घसरगुंडी’ हा शब्द निवडलेल्या टंकात छापून दहा पावलांवरून वाचून पाहावा. सजावटी वळणे बहुधा इथेच नापास होतात.

नाव लहान, उच्चाराला सोपे असावे. फलकावर उठावाची अक्षरे व मराठी ब्रेल बसलेल्या मुलाच्या हाताला लागतील अशा उंचीवर द्यावीत. चकचकीत पत्रा मात्र नको, तो उन्हात डोळे दिपवतो आणि बोटे भाजतो. रंगाऱ्याला रंगांचे क्रमांक लेखीच द्यावेत.