भाकरी थापता येत नाही? हाताला शिव्या देण्याआधी पीठ बघा

ज्वारीची भाकरी तीनचार वेळा करून बघितली, कडा फाटल्या, उचलताना मधोमध दोन तुकडे झाले, आणि मग "आपला काय हात बसायचा नाही" म्हणत गपचूप पोळीवर परत आलात, अशांसाठी हे लिहितोय. मी पण त्यातलाच. आमचं गाव बार्शीकडचं, घरात दोन्ही वेळा भाकरी, पण पोरगा म्हणून परातीपाशी कधी कुणी बसवलं नाही आणि मी पण बसलो नाही. नोकरीला पुण्यात आल्यावर मेसचं खाऊन कंटाळलो, दुकानातनं पिठाचं पाकीट आणलं, परात घेतली आणि पहिल्या दिवशी जे काय झालं त्याला भाकरी म्हणणं म्हणजे भाकरीचा अपमान. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिला वाटलं मी हात कसा चालवतोय ते दाखवणार, तर तिने परातीकडे नीट बघितलं पण नाही, पहिलाच प्रश्न, "पीठ कधीचंय?"

सगळं तिथंच आहे. गव्हात ग्लूटेन असतं, मळलं की ते ताणतं, कणीक रबरासारखी धरून राहते, म्हणून पंधरा दिवसांच्या पिठाची पोळी पण लाटता येते. ज्वारीत ते नसतंच. तिथं सगळा भरवसा पिठाच्या चिकटपणावर, आणि पीठ जुनं झालं की तो चिकटपणा जातो, त्यालाच आपल्याकडे पिठाची विरी गेली असं म्हणतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी अगदी मुरलेली बाई पण धड थापू शकत नाही, मग तुमचं माझं काय. ओळखायचं कसं, तर चमचाभर पीठ पाण्यात कालवा आणि दोन बोटांत धरून हळूच ओढा. जरा चिकटून ओढ घेतली तर पीठ जिवंत आहे. वाळूसारखं सुटलं तर विरी गेली. चवीला किंचित कडवट लागत असेल तर मग भाकरीचा नादच सोडा, ते पीठ खवट झालंय.

म्हणून पाकीट नको, दळण आणा. आठवडाभर पुरेल एवढंच, दोन माणसांना दीड-दोन किलो भरपूर होतं. महिन्याचं दळून ठेवायची सवय गव्हाला ठीक आहे. आणि धान्य घेताना रब्बीची ज्वारी मागा, शाळू म्हणा किंवा मालदांडी म्हणा, दुकानदाराला कळतं. खरिपाची ज्वारी दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडते आणि भाकरीला तो रंग, ती गोडी येत नाही. रब्बीची थंडीत वाढते, फेब्रुवारी-मार्चला निघते, दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरट पिवळसर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय मानांकन पण मिळालंय, तिथल्या काळ्या खोल जमिनीत ती नुसत्या ओलीवर येते. (आमच्या बार्शीकरांना आपलीच भारी वाटते, ते सोडा.) खानदेशातले लोक दादर म्हणून जी ज्वारी घेतात ती पण भाकरीला उत्तम.

गिरणीत एक वाक्य सांगायला विसरू नका, "ज्वारीवर ज्वारी दळा". म्हणजे आधी कुणाची तरी ज्वारी दळून झाल्यावर आपली टाका. नाहीतर जात्यात आधीच्या गव्हाचं किंवा हरभऱ्याचं राहिलेलं पीठ आपल्या डब्यात येतं. माझ्या बाबतीत एकदा असं झालं की आधी मिरची दळलेली होती का काय देव जाणे, आठवडाभर भाकरी खाताना ठसका लागत होता. गंमत सोडा, घरात कुणाला गव्हाची ॲलर्जी असेल आणि म्हणून ज्वारी खाताय तर गिरणीवर अजिबात भरवसा ठेवू नका, घरगुती चक्की बघा. पीठ बारीक हवं, पोळीच्या पिठापेक्षा पण बारीक. रवाळ दळलं तर कडा फाटणारच.

आता तुम्ही अमेरिकेत नाहीतर लंडनात आहात आणि गिरणी कुठली आणू, तर इंडियन स्टोअरमधलं ज्वार आटा म्हणून जे पाकीट मिळतं त्याच्यावर उकड काढा. एक वाटी पाणी उकळा, त्यात एक वाटी पीठ टाका, गॅस बंद, उलथण्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून दहा मिनिटं विसरून जा. मग हाताला सोसेल इतकं गरम असताना मळा. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, म्हणजे गेलेली विरी उसनी आणायची. कोकणात तांदळाची भाकरी कित्येक घरांत अशी उकड काढूनच करतात, त्यात कमीपणा काही नाही. उकडीची भाकरी पोळपाटावर लाटता पण येते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या नाक मुरडतील पण त्या काय तुमच्या किचनमध्ये येणार नाहीत.

भांड्यांचं थोडक्यात. परात मोठी हवी, निदान चौदा इंची, छोट्या परातीत हात फिरत नाही. लाकडी काठवट मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण स्टीलची चालते, फक्त ओट्यावर सरकते म्हणून खाली ओलं फडकं ठेवा, ही युक्ती कुणी सांगत नाही आणि नवशिक्याचा निम्मा जोर परात धरण्यातच जातो. तवा लोखंडी, जरासा खोलगट. नॉनस्टिक नको, कारण भाकरीला तवा चांगला सणसणीत तापवावा लागतो आणि ते कोटिंग तेवढ्या आचेसाठी नसतं. आणि भाकरीचा तवा वेगळा ठेवा. डोसे-थालीपीठवाल्या तेलकट तव्यावर भाकरी टाकली की धूर होतो, डाग पडतात, वास येतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचं नाही, घरात मोठी माणसं असतील तर ती अशुभ म्हणून ओरडतील, आणि ते नसलं तरी तवा वाकडा होतो तो होतोच.

आता मुख्य काम. एक वाटी पिठात मध्यम दोन भाकऱ्या होतात. परातीत पीठ घ्या, मध्ये खळगा करा, कडकडीत पाणी थोडं ओता, उलथण्याने कालवा, मग हात घाला आणि लागेल तसं साधं पाणी घेत मळा. पाणी किती ते मोजून सांगता येत नाही, पाऊण वाटीपासून धरा, नवं पीठ कमी पितं जुनं जास्त पितं. आमच्याकडे मीठ घालत नाहीत. मळायचं म्हणजे बोटांनी कालवायचं नाही, तळव्याच्या टाचेने रगडायचं, पुढं ढकलायचं परत ओढायचं, दोनतीन मिनिटं, जोर लावून. गोळा लोण्यासारखा मऊ झाला पाहिजे, बोट दाबलं तर कडेला भेग नाही पडली पाहिजे. भेग पडली तर पाण्याचा हात लावून परत रगडा. इथं आळस केला की पुढं सगळं फाटतं. आणि चार भाकऱ्यांचं एकदम मळून ठेवू नका, ती पोळीची सवय. पीठ भिजवून एकत्र ठेवलंत तरी थापायच्या आधी एका भाकरीपुरता गोळा परत रगडायचाच.

थापायला परातीत कोरडं पीठ पसरा, कंजुषी नको. गोळा हातावर चपटा करून, कड गोल करून त्यावर ठेवा, वरून जरा पीठ लावा. आता उजव्या हाताची बोटं आणि तळव्याचा वरचा भाग, त्यानं थापायचं, मधून कडेकडे. थाप मारताना हात जरासा तिरका पुढं सरकतो आणि भाकरी आपोआप गोल फिरते. ही खूण लक्षात ठेवा, भाकरी फिरत असेल तर सगळं ठीक चाललंय, फिरायची थांबली म्हणजे खाली चिकटली, लगेच कड उचलून खाली पीठ सारा. जोर लावून फिरवायला गेलात तर तुकडा हातात येतो. डावा हात कडेला धरायचा, फाटायला लागली तर तिथल्या तिथं दाबून जोडायचं. सुरुवातीला वीतभर केलीत तरी बास. ताटाएवढी भाकरी करायची हौस पहिल्या महिन्यात नको.

तोवर तवा तापलेला हवा. थेंबभर पाणी टाका, चर्र करून उडालं की झालं. भाकरी उचलताना परात थोडी कलती करून दोन्ही तळव्यांवर घ्या आणि तव्यावर पालथी टाका, म्हणजे पीठ लागलेली बाजू वर आली पाहिजे. लगेच पाण्याचा हात त्या बाजूवर फिरवा, सगळीकडे, कडेपर्यंत. या पाण्यानं वरचं कोरडं पीठ धुतलं जातं, आणि वर जो पातळ थर धरतो तोच पुढं पापुद्रा होतो, वाफ आत कोंडून भाकरी फुगते ती त्याच्यामुळे.

आणि आता सगळ्यात नाजूक क्षण, पलटायचं कधी. पाणी चकाकतंय तोवर पलटली तर तव्याला चिकटणार, पूर्ण सुकून पांढरी पडली तर भेगा पडणार. चकाकी गेली पण ओल आहे, त्या मधल्या पाचसात सेकंदांत उलथणं घालायचं. हे वाचून येत नाही, दहाबारा भाकऱ्या वाया घालवाव्या लागतात, मी घातल्यात. पलटल्यावर मात्र घाई नको, ही बाजू पूर्ण भाजू द्या, तव्यावर थोडी थोडी फिरवत राहा. लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं कोडं आहे ना, घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, तर न फिरवल्यामुळे. ते कोडं नाही, सरळ रेसिपी आहे.

खालून तपकिरी ठिपके आले की तवा बाजूला, आणि पहिली बाजू, म्हणजे जी तव्यावर कमी भाजली होती ती, सरळ आचेवर. चुलीवर असेल तर निखारे पुढं ओढून त्यांच्यापुढं उभी करायची, गॅसवर चिमट्याने धरायची. टम्म फुगते. इंडक्शनवाल्यांनी तव्यावरच ठेवून फडक्याने कड दाबत फिरवायची, कमी फुगते पण भाजली जाते. फुगली नाही म्हणून नाराज होऊ नका, बहुतेक वेळा एखाद्या बारीक चिरेतनं वाफ निघून गेलेली असते, चवीत काडीचा फरक नाही. कडा कच्च्या राहत असतील तर मध्ये पातळ, कडेला जाड थापताय. दगडासारखी होत असेल तर आच मंद आहे, भाजण्याऐवजी वाळतीये.

झालेली भाकरी ताटलीत एकावर एक रचू नका, खालची घामेजून लिबलिबीत होते. बांबूची दुरडी असेल तर उत्तम, नाहीतर जाळीवर उभी टेकवा, वाफ गेली की फडक्यात.

वाढताना पापुद्र्याची बाजू वर. गरम भाकरीचा पापुद्रा बोटानं उचकटून आत तूप नाहीतर लोणी, नाहीतर सोलापुरी शेंगा चटणी आणि वर कच्चं तेल, एवढं जमलं की भाजीची वाट बघायची गरज नाही. कांदा कापायचा नाही, ताटाशेजारी ठेवून बुक्की मारायची. पाहुण्याला ताटात एकदम तीन भाकऱ्या वाढत नाहीत, हे अजून कित्येक घरांत पाळतात, दोन वाढतात आणि मग "चतकोर घ्या की" सुरू होतं. चतकोर म्हणजे पाव भाकरी, नितकोर त्याहून लहान, आणि आग्रह करणारी आजी असेल तर तिचा नितकोर अर्ध्या भाकरीएवढा असतो हे आधीच धरून पोटात जागा ठेवा. पहिली भाकरी गाईला, शेवटची कुत्र्याला ही पण रीत आहे, आणि माझ्या सुरुवातीच्या काळात आमच्या सोसायटीतल्या कुत्र्याची त्यामुळे चंगळ होती, नंतर नंतर तो पण वास घेऊन निघून जायला लागला. आमटी किंवा मटणाचा रस्सा असेल तर घास मोडून बुडवत बसायचं नाही, भाकरी ताटातच कुस्करायची, वर रस्सा ओतायचा, पाच बोटांनी कालवायचं. चमचा मागू नका.

रात्रीची उरली तर सकाळी ती जास्त कामाची. हातानं बारीक कुस्करा, कडक असेल तर पाण्याचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवा. तेलात मोहरी, हिरवी मिरची, लसूण, भरपूर कांदा, हळद, मूठभर शेंगदाणे, मग कुस्करा टाकून मीठ आणि एक वाफ. किंवा काहीच नको असेल तर ताकात घालून मीठ, कच्चा कांदा, मिरचीचा ठेचा. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी शेतावर निघण्याआधी हेच खाऊन निघतात, गॅस पेटवायचं पण काम नाही.