गावच्या बोडीवर सहावी ते आठवीच्या पोरांचा उन्हाळी कॅम्प कसा घ्यायचा

निसर्ग-विज्ञान कॅम्प म्हटलं की लोकांना वाटते तंबू पाहिजे, बस पाहिजे, सफारी पाहिजे, मोठी फी पाहिजे, अन् मग गावातले पोट्टे राहूनच जातात. तसं काही लागत नाही. एक बोडी (गावचं लहान तळं) किंवा मामा तलाव (जुन्या जमीनदारांच्या काळचा तलाव), एक मोठं निंबाचं झाड, झेडपी शाळेची पडवी अन् पाच दिवस वेळ देणारी चार मोठी माणसं एवढ्यात चांगला कॅम्प होतो. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी-नागभीडकडे हेच करून राहिलो, त्यावरून सांगतो.

आधी टाइम. पहिल्या वर्षी आम्ही शहरासारखं सकाळी नऊ ते एक ठेवलं, अकरा वाजता सातवीतल्या एका पोरीला घेरी आली अन् माझे हातपाय गळाले, पाणी पाजून सावलीत निजवून ती बरी झाली पण तेव्हापासून नियम पक्का केला. मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचला उजाडते, म्हणून साडेपाच ते नऊ बाहेर, मग पोहे अन् मठ्ठा खाऊन घरी, संध्याकाळी साडेपाचला परत. मधल्या वेळात पोरं घरीच. पारा 45 च्या वर जाणाऱ्या भागात यात सूट द्यायची नाही, कोणी कितीही म्हटलं तरी; फक्त सावली मोजायची दुपारची दहा मिनिटं वेगळी, ती पुढे सांगतो.

तारखा ठरवताना पालकांना विचारा. एप्रिलमध्ये सकाळी मोहफूल वेचणं असते, मेच्या सुरुवातीला तेंदूपत्ता असतो, अन् त्या कामात पोरंही असतात, घरचा पैसा आहे तो, तेव्हा कॅम्प ठेवला तं गरजू घरचीच पोरं येत नाहीत. आम्ही 19 ते 23 मे घेतो. तोवर बहुतेक ठिकाणी पत्ता संपलेला असतो, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागायचा असतो, अन् मुख्य म्हणजे त्याच दिवसांत आपल्या डोक्यावर एक मोठी गोष्ट होते ती पुढे सांगतो. शाळाही आपल्याकडे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी भरतात, त्यामुळे घाई नसते.

पोरं वीस-चोवीस, जास्त नको. पाच-सहा जणांची टोळी, टोळीत सहावी-सातवी-आठवी मिसळून, दर टोळीमागे एक मोठं माणूस अन् त्यात निदान दोन बाया पाहिजेतच (आशाताई किंवा अंगणवाडीच्या ताई येतात, फक्त आधी बोलून ठेवा), नाही तं पोरींना घरून पाठवत नाहीत अन् त्यांचं बरोबरच आहे. शाळेतला संडास उघडा अन् पाणी भरलेला आहे का ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहा. पालकांची सही, हेडमास्तर अन् सरपंचांना पत्र, पोलीस पाटलांना सांगणं हे एका दिवसाचं काम आहे.

जंगलात न्यायचं नाही. आमच्याकडे वाघ आहे, अस्वल आहे, पहाटेच्या वेळी तं मुळीच नाही. पोरांना शिकायला गावाची कड भरपूर आहे. कॅम्पच्या आधी बीटच्या वनरक्षक भाऊंना विचारून घ्या की बोडीच्या बाजूला हालचाल आहे का, अन् वनविभागाचा 1926 नंबर फोनमध्ये ठेवा. वनरक्षकांना एक सकाळ बोलवा, ते चिखलातले पायाचे ठसे दाखवतात तेव्हा पोरं श्वास रोखून पाहतात.

आता करायचं काय. माझं म्हणणं एकच आहे, की रोज नवी मजा दाखवण्यापेक्षा दर टोळीला एक प्रश्न द्या अन् पाचही दिवस तोच मोजू द्या. बोडीवाल्या टोळीचा प्रश्न: पाणी जाते कुठं? सेंटीमीटरच्या खुणा केलेली काठी मोठ्या माणसानं बोडीत काठाजवळ घट्ट गाडायची (पोरांनी पाण्यात उतरायचं नाही, गाळात पाय रुततो, इथं डोळ्यात तेल घालून राहा), अन् काठावर पाण्यानं भरलेलं एक घमेलं ठेवून वर जाळी टाकायची की ढोरं पिणार नाहीत. रोज सहा वाजता दोन्ही मोजायचं. घमेल्यातलं कमी झालं ते वाफ होऊन गेलं, बोडीतलं त्याहून जास्त कमी झालं तं ते मुरलं किंवा गायी-म्हशींनी पिलं. घमेलं लवकर तापते म्हणून त्यात वाफ थोडी जास्तच होते, हे पोरांच्याच तोंडून येऊ द्या, सांगून टाकू नका. याच टोळीला गावातल्या एखाद्या आबाजीकडं पाठवा, बोडी कोणी खोदली, गाळ शेवटचा कधी काढला हे विचारायला. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव हे कित्येक पोरांना माहीत नसते, अन् हे तलाव बांधण्यात कोहळी समाज किती हुशार होता हेही.

दुसरी टोळी गरमी मोजते. शाळेच्या प्रयोगशाळेतले लाल स्पिरिटचे थर्मामीटर घ्या, पाऱ्याचे नको. टिनाखाली, निंबाखाली, वावरातल्या उघड्या मातीत, माठाच्या पाण्यात, सकाळी सहा अन् नऊला. एका थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून तो हवेत धरा, पारा नाही पण तो लाल रंग खाली उतरताना पाहून पोरांना कूलर अन् माठ दोन्ही एकदम समजते, अन् पावसाळ्यात कूलर का काम करत नाही हेही मग तेच सांगतात. तिसऱ्या टोळीला माती: काचेच्या बरणीत काळी माती अन् बांधीतली (धानाच्या शेतातली) माती वेगवेगळी घोळून ठेवायची, रेती आधी बसते, चिकणमातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते. चौथीला पक्षी. टिटवीची अंडी या दिवसांत उघड्या जमिनीवर असतात, ती ओरडायला लागली की तिथून मागं फिरायचं, शोधत बसायचं नाही.

अन् ती मोठी गोष्ट, शून्य सावली. मेच्या शेवटी एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, चंद्रपूरला 20 मेच्या आसपास, ब्रह्मपुरीकडे 23 च्या, अमरावतीला 25 च्या, गोंदियाला 28 च्या. घड्याळात बारा वाजता नाही होत ते. आमच्याकडे बारा वाजून सात-आठ मिनिटांनी, बुलढाण्याकडे बारा वीसच्या पुढं, कारण भारताची घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावलेली आहेत अन् आपण सगळे त्याच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर उशिरा येतो. पाइपचा पंधरा सेंटीमीटरचा तुकडा सपाट फळीवर उभा करायचा, दोरीला दगड बांधून तो सरळ आहे का पाहायचं, फळी पडवीच्या काठावर उन्हात अन् माणसं सावलीत. यासाठी दुपारी फक्त टोळीचा एक-एक जण पालकासोबत, डोक्याला दुपट्टा बांधून, तेही दहा मिनिटं. 19 तारखेपासून रोज सावलीचं टोक मार्क करा. ती उत्तरेला असते, रोज लहान होते, अन् 23 ला पाइपच्या पायाशी गोळा होते. सूर्याकडे पाहायचं नाही, हे दहा वेळा सांगा.

शेवटच्या संध्याकाळी आईवडिलांना बोलवून आकाश पाहायचं, अमावस्या जवळ असली तं लयच बेस. सप्तर्षी, दक्षिणेला चित्रा, वर चढणारी स्वाती. मग हात लांब करून मूठ धरायला लावा, एक मूठ साधारण दहा अंश. क्षितिजापासून ध्रुव दोन मुठी वर दिसतो, अन् आपला अक्षांशही वीसच्या जवळपास आहे. नकाशावर पाहिलेला आकडा असा हातात येतो ना, तेव्हा पोरं मूठ खाली करत नाहीत.

डब्यात हे ठेवा: ओआरएसची पाकिटं (संपली तं एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ), पट्ट्या, टॉर्च, मोठ्या माणसांच्या हातात काठी. पायात बूट, वारुळाच्या भोकात बोटं घालायची नाहीत. साप चावला तं बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही, पोराला चालवायचं नाही, 108 लावून सरळ ग्रामीण रुग्णालय. अंग तापून पोरगं बरळायला लागलं तं सावलीत न्यायचं, अंगावर पाणी टाकत वारा घालायचा अन् तेव्हाही 108 च. रुग्णालयात सापाच्या विषावरची लस आहे का ते कॅम्पच्या आधी विचारून ठेवा.

कॅम्प संपला की फळी-पाइप आवरा, पण बोडीतली काठी तशीच राहू द्या. जूनच्या शेवटी शाळा भरली की पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच टोळीला काठावर नेऊन पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं ते वहीत लिहायला लावा.