नवी युद्धनौका जाहीर झाली की आकड्यांत काय बघायचं

कुठल्याही देशाने नवीन युद्धनौका जाहीर केली की हेडलाईन वजनाचीच असते. वजन बघाच, पण आधी टन कुठले ते बघा, स्टँडर्ड की फुल लोड. स्टँडर्डमध्ये इंधन धरत नाहीत (ही व्याख्या १९२२ च्या वॉशिंग्टन करारातली, तेव्हा बॅटलशिपवर ३५,००० टनांची मर्यादा घालायची होती), फुल लोडमध्ये इंधन, दारूगोळा, रेशनपाणी सगळं आलं. एकीचं स्टँडर्ड आणि दुसरीचं फुल लोड घेऊन भांडणारे ढिगाने सापडतात, त्यांच्या नादी लागू नका.

मग व्हीएलएस सेल मोजा, म्हणजे डेकमध्ये उभे बसवलेले मिसाईलचे कप्पे, आणि फुल लोड टनांना त्या संख्येने भागा. अमेरिकेच्या आर्ली बर्क विनाशिकेची (डिस्ट्रॉयर) फ्लाइट ३, म्हणजे नवी आवृत्ती, सुमारे ९,७०० टन, ९६ सेल, म्हणजे सेलमागे साधारण १०० टन. जुनी टिकॉन्डेरोगा क्रूझर जवळपास तेवढ्याच वजनात १२२ सेल घेऊन फिरते, ८० टन. आणि अमेरिकेचीच झुमवॉल्ट विनाशिका? सुमारे १६,००० टन आणि सेल ८०, म्हणजे २०० टन! वजन वाढलं की मारा वाढतोच असं नाही.

अर्थात सेल सेलमध्येही फरक असतो. एमके ४१ या अमेरिकन व्हीएलएसच्या सेलमध्ये २१ इंच जाडीपर्यंतचं मिसाईल बसतं, ईएसएसएमसारखी (विमानं-मिसाईल पाडणारी) बारीक असतील तर एकात चार मावतात. चीनच्या टाइप ०५५ या मोठ्या विनाशिकेला ११२ सेल आहेत आणि ते ८५० मिमी (साधारण ३३ इंच) रुंद, म्हणजे नुसती संख्या बघून चालणार नाही. अमेरिकेचं हायपरसॉनिक (आवाजाच्या पाचपटीहून वेगवान) मिसाईल तर एमके ४१ मध्ये न मावण्याइतकं जाडजूड, म्हणून तर झुमवॉल्टच्या तोफा काढून ८७ इंची नळ्या बसवतायत, एकीत तीन याप्रमाणे एकूण १२ मिसाईल. त्या तोफांचा खास गोळा एकेक सुमारे ८ लाख डॉलरला पडायला लागला होता, २०१६ मध्ये खरेदीच थांबवली, मग नुसत्या तोफा ठेवून करायचं काय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वीज, आणि बातमीत नेमकं हेच नसतं. १९९१ ची पहिली बर्क सुमारे ८,३०० टन, ९० सेल. फ्लाइट ३ पर्यंत वजन वाढलं १,४०० टन आणि सेल वाढले फक्त सहा! बाकीचं वजन गेलं हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये, मोठ्या रडारमध्ये आणि त्या रडारला लागणाऱ्या जनरेटर-कूलिंगमध्ये, तीन जनरेटर आधीच्या आवृत्तीत ३ मेगावॉटचे होते ते ४ चे करावे लागले. लेसरचंही तेच. यूएसएस प्रेबल या बर्कवरचा हेलिओस लेसर ६० किलोवॉट गटातला आहे, पण तो आकडा बाहेर पडणाऱ्या किरणाचा, आत वीज त्याच्या कितीतरी पट लागते आणि उरलेली सगळी उष्णता होते, ती काढायला थंड पाणी फिरवावं लागतं. त्यामुळे नवीन नौकेबद्दल वाचताना किती मेगावॉट आणि पुढच्या वाढीसाठी किती जागा राखलीय हे शोधा. झुमवॉल्टकडे ७८ मेगावॉट आहेत, ती जमेची बाजू. माझं मत विचाराल तर येणारी जहाजं मोठी होणार ती तोफांमुळे नाही, या वीज आणि कूलिंगमुळे. डिझाईनवाले म्हणतात तसं स्टील स्वस्त, हवा फुकट, आधीच मोठी बांधलेली परवडते, नंतर आत कोंबाकोंबी करणं महाग जातं.

रेलगन (दारूऐवजी विजेच्या जोरावर गोळा फेकणारी तोफ) शब्द दिसला की जरा दमानं घ्या. अमेरिकेने २०२१ मध्ये ते काम थांबवलं, जपानने २०२३ मध्ये जहाजावरून चाचणी घेतली, पण चाचणी आणि ताफ्यात रोज वापरणं यात लई अंतर आहे.

आणि हो, सेल रिकामे झाले की ते भरायला सहसा बंदरातच जावं लागतं, म्हणून एका अवाढव्य जहाजापेक्षा किती जहाजं येणार हेही विचारा. तिथेही जाहीर आकडा धरू नका, झुमवॉल्ट ३२ बांधायच्या होत्या, झाल्या ३. ऑर्डर किती निघाल्या आणि किती जहाजांचं स्टील कापायला घेतलंय तेवढंच मोजा.