रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी सोडू नका : रक्तातली चरबी आणि नेहमीच्या चुका

लिपिड प्रोफाइलचा कागद हाती आला की नजर आधी उजव्या रकान्यावर जाते. आपला आकडा छापील ‘नॉर्मल रेंज’मध्ये बसला, की कागदाची घडी होते आणि तो पुन्हा बाहेर येत नाही. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. तो रकाना सगळ्यांसाठी एकच छापलेला असतो, धोका मात्र प्रत्येकाचा वेगळा.

एलडीएल म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन साचणारं कोलेस्ट्रॉल. दुसरा कोणताच आजार नसलेल्या माणसाचं ते १०० च्या खाली असावं. मधुमेह आहे आणि जोडीला बीपी किंवा तंबाखू आहे, तर ७० च्या खाली. अटॅक येऊन गेला, स्टेंट बसली किंवा बायपास झाली असेल, तर ५५ च्या खाली. म्हणजे ९५ हा एकच आकडा एका भावासाठी चांगला आणि स्टेंट बसलेल्या दुसऱ्या भावासाठी धोक्याचा असू शकतो. डॉक्टरांना ‘नॉर्मल आहे का?’ असं विचारू नका. ‘माझं एलडीएल किती खाली आणायचं आहे?’ असं विचारा आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या.

फक्त टोटल कोलेस्ट्रॉल पाहणे

समजा रिपोर्टमध्ये टोटल १९०, एचडीएल (म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्ट्रॉल) ३२ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) ३१० आहेत. टोटल २०० च्या आत, म्हणून घरचे निश्चिंत. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात : टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भागही वजा करायचा. १९० वजा ३२ वजा ६२, उरले ९६. हाही आकडा बरा दिसतो. आता टोटलमधून नुसतं एचडीएल वजा करा : १५८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. वाहिनीत साचू शकणारं सगळं कोलेस्ट्रॉल त्यात येतं. त्याची मर्यादा एलडीएलच्या मर्यादेपेक्षा ३० ने जास्त धरतात, म्हणजे निरोगी माणसासाठीही १३०. हा रिपोर्ट चांगला नाहीच. जास्त ट्रायग्लिसराइड्स आणि कमी एचडीएल ही जोडी आपल्याकडे फार दिसते, म्हणून ही एक वजाबाकी प्रत्येकाने करावी. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की पाचव्या भागाचा हिशेब चुकतो. तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.

चुकीच्या वेळी तपासणी

आदल्या रात्री तेरवीचं जेवण किंवा दारू, आणि सकाळी रक्त दिलं, तर ट्रायग्लिसराइड्स फुगलेले येणारच. ते जास्त आल्यास ९ ते १२ तास उपाशी राहून पुन्हा तपासा. साधं पाणी चालतं, साखरेचा चहा चालत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं. नाहीतर तालुक्याला जाणाऱ्या पहिल्या एसटीतच साखर उतरून चक्कर यायची.

उलटी चूकही होते. मोठा ताप, ऑपरेशन किंवा अटॅक यानंतर काही आठवडे कोलेस्ट्रॉल खोटं कमी दिसतं. अटॅकनंतर चौथ्या दिवशी एलडीएल ८० आलं म्हणून ‘याला चरबी नव्हतीच’ असं ठरवू नका.

‘वावरात राबतो, मला कशाची चरबी?’

राबण्याचा फायदा आहेच : वजन, साखर, ट्रायग्लिसराइड्स आटोक्यात राहतात. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्ट्रॉल यकृत स्वतः तयार करतं, आणि किती करायचं हे बरंचसं आईबापांकडून आलेलं असतं. काटकुळ्या माणसाचंही एलडीएल १९० च्या वर असू शकतं. ते दुखत नाही, खुपत नाही. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत अटॅक आला असेल, पापण्यांवर पिवळट चट्टे असतील किंवा टाचेमागची शीर जाड झाली असेल, तर विशीतच तपासा आणि मुलांचंही तपासून घ्या. अशा घरात लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करावी. ती साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते.

तेलाचा ब्रँड बदलणे, माप तसंच ठेवणे

‘कोलेस्ट्रॉल फ्री’ हे कोणत्याही वनस्पती तेलाबद्दल खरं आहे, त्यामुळे डब्यावरच्या त्या शब्दांना अर्थ नाही. माप पाहा. माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल पुरतं. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा पिपा निदान शंभर दिवस जायला हवा. दोन महिन्यांत संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज ५० ग्रॅम तेल जातं आहे. सावजी रश्श्यात किंवा तर्री पोह्यात अडचण तिखटाची नाही, वर तरंगणाऱ्या तेलाची आहे. ती तर्री बाजूला काढून खाल्ली तरी मोठा फरक पडतो. डालडा घरात नको. भज्यांचं उरलेलं काळपट तेल पुन्हा कढईत नको. जवसाची चटणी जरूर खा, पण जवस भाजून दळलेलं हवं. अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. दिवसाला एक-दोन चमचे पुरे, आणि ती गोळीच्या जागी नाही.

तेल तोडूनही ट्रायग्लिसराइड्स उतरत नसतील, तर दोष बहुधा तेलाचा नसतो. जास्तीचा भात, साखर आणि दारू यांचं यकृत ट्रायग्लिसराइड्समध्ये रूपांतर करतं. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात दोन्ही वेळच्या ताटात भाताचा ढीग असतो. तो अर्धा करून वरण, भाजी, हरभरा वाढवा आणि एका वेळी जवारीची भाकर घ्या. चहाची साखर मोजा. मोहाची असो की दुकानातली, दारू बंदच. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या पुढे गेले की हृदयासोबत स्वादुपिंडाला सूज येण्याचीही भीती असते, आणि १००० च्या पुढे ती फार वाढते.

खर्रा घोटायचा आणि चरबीची गोळीही घ्यायची, हे जमत नाही. तंबाखू चघळल्यानेही अटॅकचा धोका वाढतो. बिडीच ओढली पाहिजे असं नाही.

गोळीच्या चुका

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिन गोळ्या यकृतातली कोलेस्ट्रॉलची निर्मिती कमी करतात. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा पहिल्या जागी. बीपीच्या गोळीसारखीच ही रोजची गोळी आहे.

याहून गंभीर चूक स्टेंट बसलेल्यांकडून होते. अनेकांना अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन अशी तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये दिलेली असतात. ‘चरबीची गोळी’ समजून ती सोडली, की रक्त पातळ ठेवणारी औषधंही सुटतात आणि स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊ शकते. स्ट्रिपवरची सगळी नावं फार्मसीवाल्याकडून वाचून घ्या.

कापूस वेचणीच्या दिवसांत मांड्या-खांदे दुखतात तेव्हा दोष लगेच गोळीला जातो. गोळीचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि सुरुवातीच्या किंवा डोस वाढवल्यानंतरच्या आठवड्यांत येतं. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, दुसरी स्टॅटिन देता येते. मात्र अंगात ताकद राहिली नाही आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी गोळी थांबवून दवाखाना गाठा. गजकर्णावर दिली जाणारी इट्राकोनाझोल किंवा छातीच्या संसर्गावरची क्लॅरिथ्रोमायसिन यांच्यासोबत अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. नवं औषध घेताना चालू गोळ्या दाखवा. गर्भधारणा ठरवत असाल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण तेव्हा ही गोळी सहसा बंद करतात.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत तपासणी पुन्हा करा. आकडा हलला नाही तर आधी पाहा : गोळी रोज घेतली जाते का? या दोन्ही गोळ्या दिवसात केव्हाही चालतात, म्हणून रात्री विसरत असाल तर सकाळच्या चहासोबत ठेवा. मग टीएसएच तपासा, कारण थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढतं. साखर आणि किडनीही पाहा. एवढं करून उतरत नसेल, तर स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्याने साधारण ६ टक्केच जास्त घट मिळते. जोडीला एझेटिमाइब ही दुसऱ्या प्रकारची गोळी दिल्यास २० टक्क्यांच्या आसपास. हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको. लसूण-आलं-लिंबाच्या काढ्याने ब्लॉकेज उघडतं, या निरोपावर मात्र गोळी सोडू नका. वाहिनीच्या भिंतीतला थर काढ्याने धुतला जात नाही.

‘गॅस आहे’, ‘ऊन लागलं’

मे महिन्यात दरदरून घाम, मळमळ, गळून जाणं असलं की घरात कांदा आणि साखर-मिठाचं पाणी निघतं. सोबत छातीत दाब असेल, किंवा जबडा, डावा हात, पाठ दुखत असेल, तर तो अटॅक धरून चाला. मधुमेह असलेल्यांत आणि बायांमध्ये कधी कधी दुखण्याऐवजी नुसता दम लागतो. १०८ ला फोन करा. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिन ३०० मि.ग्रॅ. चावून द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी आधी सांगितली नसेल तर देऊ नका, बीपी पडू शकतं. माणसाला मोटारसायकलच्या मधोमध बसवून नेऊ नका.

आणि थेट नागपूरचा रस्ता धरू नका. भामरागड, सिरोंचा किंवा मेळघाटातून तिथवर पोचायला कित्येक तास जातात, आणि गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या दोन-तीन तासांत सर्वाधिक असतो. जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठून आधी ईसीजी काढा, पुढे कुठे न्यायचं ते तिथले डॉक्टर सांगतील. जुन्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. नव्याशी ताडून पाहिला की बदल पटकन कळतो.