वरचा कोण ते आधी बघा

परळच्या माझ्या क्लासला बारावीची पोरं येतात ती 'वरचा वजा खालचा' घोकूनच. वरचा कोण, हे मात्र बघत नाहीत. म्हणून दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ शिकवताना माझी एकच अट: आकृती काढल्याशिवाय इंटिग्रेशनचं (बारीक बारीक तुकड्यांची बेरीज करण्याचं) चिन्ह वहीत उमटता कामा नये. ओबडधोबड चालेल.

य = क्ष² हा पॅराबोला आणि य = क्ष + २ ही रेषा घ्या. दोन्ही समान मांडा: क्ष² − क्ष − २ = ०, म्हणजे क्ष = −१ आणि २. झाल्या लिमिट्स, म्हणजे क्षेत्रफळ कुठून कुठपर्यंत मोजायचं त्या हद्दी. आता मधला सोपा आकडा घाला, मी शून्यच घेते. रेषेवर २ येतो, पॅराबोलावर ०. रेषा वर.

मधला भाग बारीक उभ्या पट्ट्यांत कापला असं समजा. एका पट्टीची उंची वरचा वजा खालचा, म्हणजे क्ष + २ − क्ष². इंटिग्रेट केलं की क्ष²/२ + २क्ष − क्ष³/३. वरच्या लिमिटला १०/३, खालच्या लिमिटला −७/६. वजाबाकी करताना कंस घाला, निम्मी पोरं इथेच चिन्हात मार खातात. उत्तर ९/२.

वक्र अक्षाखाली गेला तर? काही वेगळं करायचं नाही. मॉलच्या लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरून −१ च्या पार्किंगला गेलात तर ३ मजले उतरलात: २ − (−१). तसंच हे.

खरी गोची वक्रांनी मध्येच जागा बदलली की होते. य = क्ष³ आणि य = क्ष हे −१, ० आणि १ ला छेदतात. −१ ते १ एका दमात केलंत तर उत्तर शून्य! समोर दोन पाकळ्या धडधडीत दिसतायत आणि क्षेत्रफळ शून्य? शून्यापाशी तोडा. डावीकडे क्ष³ वर, उजवीकडे क्ष वर. १/४ आणि १/४, मिळून १/२.

य² = २क्ष आणि य = क्ष − ४ असेल तर पट्ट्या आडव्या घ्या. उभ्या घेतल्या तर क्ष = २ पाशी खालचा बदलतो (आधी पॅराबोला, मग रेषा) आणि गणिताचे दोन तुकडे पडतात. आडव्यात उजवा वजा डावा: य + ४ − य²/२, −२ ते ४. उत्तर १८.

पॅराबोला आणि रेषा असली की ताळा फुकटात मिळतो, आर्किमिडीजची कृपा. लिमिट्सच्या बरोबर मध्ये पट्टीची लांबी काढा, लिमिट्समधल्या अंतराने गुणा, त्याचे दोन तृतीयांश घ्या. इथे य = १ ला ४.५, गुणिले ६, म्हणजे २७. दोन तृतीयांश १८. पेपरात हे कच्च्या कामातच ठेवा, मार्क पायऱ्यांना असतात.